पाठीवरचे गाव

गावाचे नाव कशावरून निघावे हे गावाच्या हाती नसते. पैठण म्हटले की पैठणी आठवते, नागपूर म्हटले की संत्री आणि सोलापूर म्हटले की चादरी. ही गावे भाग्यवान. आमचे मानवत वास्तविक कापसाचे गाव. येथल्या बाजारात हंगामात पांढरेशुभ्र ढीग लागतात, जिनिंगमध्ये रुई आणि सरकी वेगळी होते, आणि एकशे सत्तर किलोंच्या गाठी होऊन ती रुई दूरदूरच्या गिरण्यांकडे जाते. परंतु पुण्या-मुंबईकडे कोणी 'गाव कोणते?' म्हणून विचारले आणि आपण 'मानवत' असे सांगितले, तर समोरचा माणूस कापसाविषयी बोलत नाही. तो जरा थबकतो आणि मग आवाज खाली आणून म्हणतो, 'म्हणजे ते हत्याकांड झाले तेच का?'

१९७२ ते १९७४ या काळातल्या त्या अघोरी प्रकाराला अर्धे शतक उलटून गेले. तेव्हा मी जन्मलोही नव्हतो. आमच्या मंडळातल्या पोरांचे तर बापही तेव्हा जन्मलेले नव्हते किंवा पाळण्यात होते. पण २०२४ साली त्याच्यावर पडद्यावरची मालिका निघाली आणि जो प्रश्न म्हातारा होऊन मरायला टेकला होता तो पुन्हा तरणाताठा झाला. कॉलेजात शिकायला बाहेरगावी गेलेल्या मुलांना वसतिगृहात पहिल्याच दिवशी तो विचारला जाऊ लागला.

गेल्या हंगामात कबड्डीच्या बनियनवर काय छापायचे असा विषय निघाला, तेव्हा हे सारे मनात असावे. दरवर्षी पाठीवर मंडळाचे नाव असते आणि खाली कपडे देणाऱ्या दुकानदाराचे. मंडळाचे नाव एका देवाचे आहे. महाराष्ट्रात कबड्डीची मंडळे बहुधा मारुतीच्या, शिवरायांच्या नाहीतर एखाद्या देशभक्ताच्या आधारानेच उभी असतात. पण यंदा पोरे हटून बसली. म्हणाली, 'गुरुजी, मंडळाचं नाव छातीवर बारीक घ्या. पाठीवर फक्त मानवत. हे एवढाल्या अक्षरांत.' दुकानदार समजूतदार निघाला. त्याने आपले नाव बाहीवर नेले.

माझा या मंडळाशी संबंध वहीपुरता. ज्याला खेळता येत नाही, पण खेळापासून दूरही राहवत नाही, अशा माणसाला खेळात जे काम मिळते ते माझ्या वाट्याला आले आहे: गुण लिहिणे. शाळा सुटल्यावर मी मैदानाच्या कडेला बसतो आणि कोणी किती चढाया केल्या, कोणाची पकड सुटली, कोणी उगाच पाय पुढे टाकून बोनस घालवला, हे टिपतो. खेळाडूंची नावे मी येथे देत नाही. मैदानावर त्यांना कोणी नावाने हाक मारीतही नाही. जागेच्याच नावाने मारतात. डावा कोपरा, उजवा कोपरा, मधला, चढाईवाला. एकदा बाजारात डाव्या कोपऱ्याची बायको भेटली, तिला मी चुकून 'डावा कोपरा बरा आहे ना?' असे विचारले. ती माउली हसली आणि 'हाव, बराय की' म्हणाली. तिलाही सवय झाली होती.

हा डावा कोपरा म्हणजे मोंढ्यातला हमाल. वय चौतीस. क्विंटलाची पोती पाठीवर घेणारी ही माणसे चढाईवाल्याचा घोटा धरतात तेव्हा तो सुटत नाही, यात नवल नाही. उजवा कोपरा पोलीस भरतीची तयारी करतो. पहाटे सोळाशे मीटर धावतो आणि संध्याकाळी मैदानावर येतो. मधल्या दोघांपैकी एकाचा रसवंतीचा गाडा आहे, दुसरा कॉलेजात शिकतो. आणि आमचा मुख्य चढाईवाला, वय वर्षे वीस, जिनिंगमध्ये रात्रपाळीला असतो.

कबड्डीचा हंगाम आणि कापसाचा हंगाम एकाच वेळी येतो, ही आमच्याकडची खरी अडचण आहे. दिवाळीच्या सुमारास सोयाबीन निघालेले असते, कापसाची वेचणी जोरात असते, जिनिंगचे भोंगे वाजू लागतात. ज्या दिवसांत हाताला काम असते त्याच दिवसांत जिल्ह्याच्या स्पर्धा असतात. आणि चढाईवाल्याची गोष्ट तर आणखी निराळी. जिनिंगच्या हवेत रुईचे बारीक तंतू सतत तरंगत असतात. ते भुवयांवर बसतात, नाकात जातात, छातीत जातात. कबड्डी हा दमाचा खेळ. 'कबड्डी, कबड्डी' असा उच्चार पंचाला स्पष्ट ऐकू येईल असा चालू ठेवून तीस सेकंदांच्या आत मध्यरेषेला परत यायचे. रात्रभर रुई गिळलेल्या छातीने हा पोरगा दुसऱ्या दिवशी दम घालायचा. चढाई संपवून आला की आधी खोकायचा आणि मग हसायचा.

हा खेळ आमच्या लहानपणी म्हातारी माणसे हुतूतू म्हणत. तेलंगण-तमिळनाडूकडे तो चेडुगुडू, बंगालात हाडुडू. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत महाराष्ट्रातल्या व्यायामप्रेमी मंडळींनी त्याला नियमांत बसवले. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी तो परदेशी लोकांना करून दाखवला. १९५० साली अखिल भारतीय संघटना झाली. १९९० साली बीजिंगच्या आशियाई सामन्यांत कबड्डीचा समावेश होऊन भारताला सुवर्णपदक मिळाले. महाराष्ट्रात बुवा साळवींनी या खेळासाठी जन्म वेचला. त्यांचा जन्मदिवस, १५ जुलै, आपल्याकडे कबड्डी दिन म्हणून पाळतात. आणि २०१४ सालापासून व्यावसायिक लीग सुरू झाली, तेव्हा घराघरांत बायकामुलेही दूरदर्शन संचापुढे बसून 'बोनस गेला' म्हणून हळहळू लागली.

त्या लीगमध्ये खेळाडूंचा लिलाव होतो. हरियाणाचा गडी मुंबईकडून खेळतो, महाराष्ट्राचा गडी आणखी कोठून तरी. त्यात मला काही वावगे वाटत नाही. गुण असेल तेथे पैसा जावा, आणि गरिबाच्या पोराकडे जावा, ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण जिल्ह्याच्या स्पर्धेत लिलाव नसतो. तेथे तुम्ही ज्या मातीत पडलात तिच्याच नावाने खेळता. सेलूची पोरे सेलूची, जिंतूरची जिंतूरची, गंगाखेडची गंगाखेडची. संघ कमकुवत म्हणून बाहेरून माणूस विकत आणता येत नाही. जे आहे त्यातूनच सात उभे करायचे.

जगात असे आणखी कोठे आहे काय, म्हणून मी शोध घेतला, तेव्हा आयर्लंडविषयी वाचायला मिळाले. तेथे गेलिक फुटबॉल म्हणून एक देशी खेळ आहे. चेंडू हाताने धरता येतो, लाथेनेही मारता येतो, आणि एका बाजूला पंधरा गडी असतात. इंग्रजांचे राज्य असताना, १८८४ साली, थर्ल्स नावाच्या लहानशा गावात काही माणसे जमली आणि आपले देशी खेळ जगवण्यासाठी त्यांनी संघटना काढली. आज तिचे डब्लिनमधले क्रोक पार्क हे मैदान ऐंशी हजारांवर माणसे सामावून घेते. पण तेथे खेळणाऱ्याला पगार नाही. कोणी शेतकरी, कोणी शिक्षक, कोणी सुतार. प्रत्येकाचा क्लब म्हणजे त्याच्या चर्चच्या हद्दीतले गाव. आधी तालुक्या-जिल्ह्यासारख्या काउंटीचे अजिंक्यपद, मग प्रांताचे, आणि शेवटी देशातल्या क्लबांचा सामना. आपापल्या क्लबांकडून एकमेकांचे गुडघे फोडलेली पोरे काउंटीचा संघ निवडला की एकच बनियन घालतात. हे वाचून मला एकदम परके वाटेनासे झाले. आमचा मुलूखही १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता, त्याआधी निजामाच्या अमलात. आपल्या भाषेची, आपल्या खेळांची आणि आपल्या गावाच्या नावाची ओढ दुसऱ्याच्या राज्यात राहिलेल्या माणसाला जरा जास्त असते.

आमच्याकडची रीतही अशीच. जिल्हा संघटनेची 'अजिंक्यपद व निवड चाचणी' स्पर्धा भरते. नावातच दोन गोष्टी आहेत. मंडळे अजिंक्यपदासाठी भांडतात, आणि निवड समिती कडेला बसून प्रत्येक मंडळातला एखादा-दुसरा गडी हेरते. त्यांचा मिळून जिल्ह्याचा संघ होतो आणि तो राज्य स्पर्धेला जातो. म्हणजे हरलेल्या मंडळाचा गडीही पुढे जाऊ शकतो.

हे पुढे जाणे मुलांच्या दृष्टीने नुसत्या मानाचे नसते. शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव आहेत. त्यासाठी लागणारी प्रमाणपत्रे गावच्या जत्रेत मिळत नाहीत. त्यांची वाट जिल्हा संघातूनच जाते. ज्याच्या घरी दोन एकर कोरडवाहू जमीनही नाही, त्याला चढाईच्या त्या तीस सेकंदांत पलीकडे एक खुर्ची, एक पगार आणि आईच्या औषधपाण्याची सोय दिसत असते. प्रेक्षकांना फक्त रेषा दिसते.

आमची खरी पंचाईत झाली ती मॅटने. आम्ही मातीत खेळणारी माणसे. मैदान खणायचे, चाळलेली माती पसरायची, पाणी मारून दाबायची, तेरा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद रेषा चुन्याने आखायच्या. ही माती अनवाणी पायाला ओळखते. मोठ्या स्पर्धा मात्र आता मॅटवर होतात आणि मॅटवर बूट लागतात. मॅटची किंमत लाखांच्या घरात. आमच्या मंडळाची वर्गणी हजारांच्या घरात. मग पोरांनी उसने बूट आणून शाळेच्या फरशीवर सराव केला. गुडघे सोलून निघाले. डावा कोपरा दोन दिवस तक्रार करीत होता की, बूट घातला की आपला पाय कुठे आहे हेच कळत नाही. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, 'गुरुजी, मॅटवर माणूस निसटतो पटकन. घोटा नाही, गुडघाच धरायला पाहिजे.' शिकण्याविषयी मी शाळेत इतकी वर्षे बोलत आलो आहे. इतके थोडक्यात मला कधी सांगता आले नव्हते.

स्पर्धेसाठी आम्ही पाथरी-परभणी रस्त्याने एका टेम्पोतून गेलो. टेम्पोत आदल्या दिवशी कापूस वाहिला होता, त्यामुळे उतरताना सगळ्यांच्या काळ्या चड्ड्यांना पांढरे पुंजके चिकटले होते. पलीकडच्या संघातला एक जण ओरडला, 'आले, मानवतचे आले!' मी नकळत कान टवकारले. पुढे काय येते? तो म्हणाला, 'कापूस घेऊन आले!' सगळे हसले. आमची पोरेही हसली. मला त्या पोराला मिठी मारावीशी वाटली.

पहिले दोन सामने आम्ही बऱ्यापैकी जिंकले. उपान्त्य सामन्यात गाठ पडली ती आमच्याहून सरस मंडळाशी. मध्यंतरापूर्वीच त्यांनी आमच्यावर लोण चढवला. ज्यांना कबड्डी ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: सातही गडी बाद झाले की समोरच्याला दोन गुण जादा मिळतात आणि सातही पुन्हा मैदानात येतात. लोण ही नामुष्की खरी, पण तिच्यात एक सोय आहे. सगळे मेले की सगळे जिवंत होतात. दुसऱ्या डावात आमचा चढाईवाला सुटला. एकदा तर तिघांच्या मिठीतून त्याने बोटाचे टोक मध्यरेषेला लावले. शेवटच्या मिनिटाला डाव्या कोपऱ्याने त्यांच्या मुख्य गड्याचा गुडघा धरला, मॅटवर शिकलेला तोच, आणि सामना बरोबरीत सुटला. मग पाच-पाच चढाया. माझ्या हातातली पेन्सिल ओली झाली होती. चार चढायांपर्यंत बरोबरी होती. पाचव्यात त्यांच्या गड्याने गुण घेतला आणि आमचा चढाईवाला रिकामा परत आला. एका गुणाने आम्ही गेलो.

कोणी कोणाला बोलले नाही. पोरे एका ओळीत बसून बूट सोडत होती. जिंकलेल्या संघातला एक गडी आला, त्याने आमच्या चढाईवाल्याला पाण्याची बाटली दिली आणि शेजारी बसला. दुसऱ्या दिवशी जिल्ह्याच्या संघाची यादी लागली, तेव्हा तीत त्या गड्याचे नाव होते आणि आमच्या चढाईवाल्याचेही.

आनंद झाला तो अर्धा तास. मग प्रश्न उभा राहिला. संघाचे सराव शिबिर आठ-दहा दिवसांचे, पुढे राज्य स्पर्धा. जिनिंगचा भर हंगाम. मुकादम वाईट माणूस नव्हता, पण त्याने साफ सांगितले, 'जागा रिकामी ठेवता येणार नाही. बदली माणूस द्या, नाहीतर दुसरा ठेवतो.' एकदा जागा गेली म्हणजे हंगाम गेला, आणि हंगाम गेला म्हणजे उन्हाळा कसा काढायचा? चढाईवाला दोन दिवस मैदानाकडे फिरकला नाही. तिसऱ्या दिवशी डावा कोपरा माझ्याकडे आला. बायको संगे होती.

'गुरुजी, त्याला जाऊ द्या. रात्रपाळीला मी उभा राहतो. पगार त्याच्याच नावावर.'

मी म्हटले, 'अरे, दिवसा मोंढ्यात पोती वाहतोस. रात्री कसा उभा राहशील?'

तो म्हणाला, 'आजपर्यंत तो चढाईला जायचा अन् मी मागं उभा ऱ्हायचो. आता बी तेच करायलो की.'

मी त्याच्या बायकोकडे पाहिले. ती म्हणाली, 'दहा रातींचा तर सवाल हे. डबा मी नेऊन देते.'

कबड्डीत एक नियम आहे. समोरचा एक गडी बाद झाला की आपला बाद झालेला एक जिवंत होतो. आणि जो आधी बाद झाला तो आधी आत येतो. पंच त्यासाठी काटेकोर असतात, रांग मोडू देत नाहीत. डाव्या कोपऱ्याचे वय चौतीस. जिल्ह्याच्या यादीची वाट त्यानेही पंधरा वर्षे पाहिली होती. रांग पाहिली तर नंबर त्याचा होता. त्याने ती आपल्या हाताने मोडली आणि मागच्याला आत पाठवले. असे करणाऱ्याला गुण द्यायचा रकाना माझ्या वहीत नाही.

त्या दहा रात्री मी दोनदा जिनिंगकडे गेलो. डावा कोपरा पांढरा होऊन उभा असे. भुवया पांढऱ्या, मिशा पांढऱ्या; दहा दिवसांत म्हातारा झाल्यासारखा. मला पाहून तो खोकला आणि नंतर हसला, अगदी चढाईवाल्यासारखा.

राज्य स्पर्धेत आमच्या जिल्ह्याचा संघ साखळीतच थांबला. मुंबई-पुण्याकडच्या संघांपुढे टिकाव धरणे सोपे नाही. त्यांच्याकडे मॅट आहेत, मार्गदर्शक आहेत, नोकरी देणाऱ्या कंपन्यांचे संघ आहेत. चढाईवाल्याला दोन सामने राखीव बसावे लागले. तिसऱ्यात त्याला उतरवले. त्याने सहा चढाया केल्या, तीन गुण घेतले आणि एकदा पकडला गेला. हे त्याने मला परत आल्यावर बोटांवर मोजून सांगितले आणि मी वहीत लिहून घेतले. त्या रात्री तो पाळीवर गेला. डावा कोपरा म्हणे त्याला जागा देताना एवढेच बोलला, 'दम पुरला ना?'

दोन दिवसांनी मी त्याच्या घरी गेलो. आईने चहा टाकला आणि पत्र्याच्या पेटीतून प्लास्टिकच्या पिशवीत घातलेले प्रमाणपत्र काढले. पिशवीत रेशनकार्ड होते, बँकेचे पुस्तक होते, आणि आता हे. तिला वाचता येत नाही. मी वाचून दाखवले. मुलाचे नाव आले तेव्हा तिने पदर सावरला. मी शेवटपर्यंत वाचले. ती थांबून राहिली.

'गुरुजी, ह्याच्यात मानवत कुठं लिहिलंय?'

प्रमाणपत्रावर जिल्ह्याचेच नाव असते. मी तसे सांगितले. पोरगा कोपऱ्यातून म्हणाला, 'परभणीत आलंच की माय मानवत.'

तिचे समाधान झाले नाही. ती म्हणाली, 'आलं आसंल. पण दिसंना की. तुमच्याजवळ पेन हे, तुम्ही लिहून द्या.'

प्रमाणपत्रावर असे काही लिहिता येत नाही, हे तिला कसे सांगावे ते मला सुचेना. मग मी ते उलटे केले आणि मागच्या कोऱ्या बाजूला, पेन्सिलीने, बारीक अक्षरात 'मानवत' असे लिहिले. तिने बोट ठेवून ते कोठे आहे हे नीट पाहून घेतले आणि प्रमाणपत्र पुन्हा पिशवीत घातले, लिहिलेली बाजू वर करून.